‘ऑटो’ चॅनल नेमकं काय करतं? राउटर, रडार आणि वेळेवर उठण्याची गोष्ट

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटून जातात अशी तक्रार बरेच जण करतात, म्हणून इथे जरा नीट लावून आणि अधेमधे थोडी भर घालून देतेय. बोलण्याच्या ओघात आलेलं ‘म्हणजे’, ‘बरं का’ फारसं काढलेलं नाही, ते चालवून घ्या.

विषय एका श्रोत्याच्या प्रश्नावरून आला. प्रश्न असा: “वीज जाऊन आली की राउटर चालू होतो. दोन नावं दिसायला हवीत, एक साधं आणि एक शेवटी ‘५जी’ लावलेलं. साधं लगेच दिसतं. ५जीवालं मिनिटभर गायब असतं. कधी कधी तर चांगलं चालू असताना मध्येच जातं आणि परत येतं. राउटर बिघडलाय का?”

आधी एक छोटी दुरुस्ती. त्या नावातलं ‘५जी’ म्हणजे मोबाइलचं फाइव्ह जी नव्हे. ते ५ गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे वायफाय ज्या लहरींवर चालतं त्यांची फ्रिक्वेन्सी. आता मुद्द्याचं उत्तर: बहुतेक वेळा राउटर बिघडलेला नसतो. त्या मिनिटभरात तो गप्प बसून कान देत असतो, आसपास कुठे रडार आहे का म्हणून.

हो, रडार. तुमच्या हॉलमधला टीव्हीच्या मागे ठेवलेला तो डबा रडार शोधत असतो. हे का, कसं, आणि ही सोय कोणी बंद केली तर काय होतं, हा आजचा विषय.

‘ऑटो’ या एका शब्दाखाली दोन वेगळी कामं

राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनलसमोर ‘ऑटो’ लिहिलेलं असतं. आपण समजतो की राउटर सगळ्यात मोकळं चॅनल शोधतो. २.४ गिगाहर्ट्झवर हे बऱ्यापैकी खरं आहे. तिथे एकमेकांवर न चढणारी चॅनल्स तीनच आहेत: १, ६ आणि ११. राउटर चालू होताना कोणत्या चॅनलवर किती गर्दी आहे ते पाहतो आणि त्यातल्या त्यात बरं निवडतो. तीस फ्लॅटच्या बिल्डिंगमध्ये तीस राउटर हेच करतात. सगळ्यांना ६ रिकामं दिसलं की सगळे ६ वर येतात, मग सगळ्यांना ११ बरं वाटायला लागतं. निवड चुकली तरी नुकसान आपल्यापुरतं किंवा शेजाऱ्यापुरतं: व्हिडिओ अडकतो, आवाज तुटतो.

५ गिगाहर्ट्झवर ‘ऑटो’ला दुसरं काम आहे. त्याचं नाव डायनॅमिक फ्रिक्वेन्सी सिलेक्शन, थोडक्यात डीएफएस. इथे राउटरला स्वतःचं भलं बघायचं नसतं. कोणाची तरी जागा अडलेली असेल, तर ती सोडायची असते.

एसटीत आमदारांसाठी, अपंगांसाठी राखीव सीट असते ना, तसं समजा. सीट रिकामी असेल तर बसा, कंडक्टर काही म्हणत नाही. हक्काचा माणूस आला की उठायचं. ५ गिगाहर्ट्झच्या मोठ्या पट्ट्यात वायफाय असंच बसलेलं आहे. हक्काचे प्रवासी आहेत रडार. फरक एवढाच, की रडार येऊन खांद्यावर हात ठेवत नाही. आलंय हे तुम्हीच ओळखायचं.

हा करार झाला कधी?

२००३ साली जिनिव्हाला जागतिक रेडिओसंपर्क परिषद भरली होती. ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झ हे पट्टे जगभर वायफायसारख्या नेटवर्कसाठी खुले करायचं तिथे ठरलं. यातल्या बऱ्याच भागात लष्करी आणि हवामानाची रडारं आधीपासून होती. त्यांना उठवणं शक्य नव्हतं. म्हणून अट घातली: रडारच्या जागेत या, पण ऐकून या आणि ते दिसलं की निघा. त्याच वर्षी वायफायच्या मानकात ८०२.११एच नावाची जोड आली. चॅनल बदलताना राउटरने जोडलेल्या उपकरणांना आधी कसं कळवायचं, हे त्यात ठरवून दिलं.

चॅनलच्या आकड्यांत बोलायचं तर ३६ ते ४८ वर ही अट नाही. ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ वर आहे. १४९ पासून पुढे पुन्हा नाही. भारतात २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या अधिसूचनेने ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे परवान्याशिवाय वापरायला खुले झाले. त्यामुळे आज आपल्याकडचे राउटरही याच नकाशावर चालतात.

गप्प बसण्याचं एक मिनिट

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहू. आकडे अमेरिका आणि युरोपच्या नियमांतले आहेत. जगभर विकली जाणारी उपकरणं मुख्यतः त्याच नियमांवर पारखली जातात.

पहिली पायरी: डीएफएसच्या चॅनलवर बोलण्याआधी ६० सेकंद फक्त ऐकायचं. एक बाइटही पाठवायचा नाही. आपल्या श्रोत्याचं ‘गायब मिनिट’ हेच.

दुसरी पायरी: बोलणं सुरू झाल्यावरही ऐकत राहायचं. घरगुती ताकदीच्या उपकरणासाठी मर्यादा आहे उणे ६२ डीबीएम. म्हणजे एका वॅटच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी शक्तीचा रडारचा स्पंद कानावर आला तरी दखल घ्यायची.

तिसरी पायरी: रडार सापडलं तर १० सेकंदांच्या आत चॅनल रिकामं करायचं. त्या १० सेकंदांतही मनसोक्त बोलायची परवानगी नाही. अमेरिकी नियमात सगळं मिळून साधारण पाव सेकंदाचं प्रसारण चालतं, तेही आवरतं घेण्यासाठी. तेवढ्यात राउटर मोबाइल-लॅपटॉपना सांगतो, “इतक्या बीकननंतर आपण अमुक चॅनलवर जातोय, या.” जी उपकरणं हे नीट ऐकतात ती मागोमाग जातात. जी ऐकत नाहीत त्यांचं कनेक्शन तुटतं. मीटिंगमध्ये तुमचा चेहरा गोठतो तो याच क्षणी.

चौथी पायरी: सोडलेल्या चॅनलकडे पुढची ३० मिनिटं फिरकायचं नाही.

१२०, १२४ आणि १२८ ही चॅनल्स तर आणखी खास. त्यांच्यावर ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झची हवामान रडारं आहेत. युरोपात इथे ६० सेकंदांऐवजी १० मिनिटं ऐकावं लागतं. का, ते गणित करून बघण्यासारखं आहे.

हवामान रडारचा झोत अगदी अरुंद असतो, समजा अर्धा अंश. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं. म्हणजे झोत तुमच्याकडे वळलेला असतो तो फेरीचा ७२० वा भाग. एका फेरीला समजा १५ सेकंद लागले, तर तुमच्या वाट्याला आले जेमतेम २० मिलिसेकंद. शिवाय रडार दर फेरीला झोत वर-खाली करतं, ढगाचे वेगवेगळे थर बघायला. काही फेऱ्यांत झोत तुमच्या डोक्यावरून जातो, तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. सगळे थर संपवून ते पुन्हा खाली यायला काही मिनिटं जातात. त्यामुळे एक मिनिट ऐकून “इथे कोणी नाही” म्हणणं म्हणजे दारावरची बेल एकदा वाजवून “घरात कोणी नाही” म्हणण्यासारखं.

तक्रार एकाच बाजूने येते

इथे माझ्यातली इंजिनिअर जागी होते. रडार ओळखायचं म्हणजे काय ओळखायचं? वायफायची चिप सांगते, “आत्ता एक छोटा स्पंद आला, इतक्या मायक्रोसेकंदांचा.” त्यावरचं सॉफ्टवेअर बघतं, की असे स्पंद ठरावीक अंतराने येतायत का. आलेच, तर रडार. लिनक्समध्ये काही वायफाय चिपसाठी हा नमुने ओळखणारा कोड खुला आहे, कोणीही वाचू शकतं. मला तो वाचायला मजा आली, कारण आत जादू काही नाही. स्पंदांच्या वेळा, त्यांच्यातली अंतरं, आणि “इतके जुळले की रडार म्हणा” असा एक उंबरठा.

उंबरठा आला की चुका दोन प्रकारच्या आल्या. एक, रडार नसताना “आहे” म्हणणं. शेजारच्या वायफायचा तुटका तुकडा, एखाद्या उपकरणाचा गोंगाट, आणि राउटर उठून पळतो. दोन, रडार असताना ते न ओळखणं.

पहिली चूक झाली की घरात लगेच आरडाओरडा होतो. “नेट गेलं!” कस्टमर केअरला फोन, ऑनलाइन एक तारा, कंपनीत बग नोंदवला जातो. दुसरी चूक झाली की घरात काय होतं? काहीच नाही. नेट मस्त चालतं. त्रास होतो तो कित्येक किलोमीटर दूर, रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसाला. त्याला तुमचं नाव माहीत नाही, तुम्हाला त्याचं.

म्हणजे बग एकाच बाजूने नोंदवले जातात. कोणत्याही टीमला असे शंभर रिपोर्ट आले तर ती काय करेल? उंबरठा हळूहळू सैल करेल. यात कोणाचा वाईट हेतू लागत नाही. म्हणून तर उपकरण बाजारात येण्याआधी प्रयोगशाळेत खोटे रडार स्पंद सोडून ते पारखलं जातं. वापरणारा कधीच करणार नाही ती तक्रार तिथे आधीच केली जाते.

माझ्या मते फ्रिक्वेन्सी आपोआप निवडणाऱ्या कुठल्याही यंत्रणेची खरी परीक्षा इथे आहे. चांगली जागा सगळेच शोधतात, त्यात स्वतःचा फायदा असतो. वेळेवर उठण्यात स्वतःचा फायदा शून्य, आणि तरीही उठायचं असतं.

सान हुआनच्या पडद्यावरच्या रेघा

याची किंमत काय, ते बघायला जरा मागे जाऊ. २ ऑगस्ट १९८५. अमेरिकेत डॅलस-फोर्ट वर्थला उतरताना डेल्टाचं १९१ क्रमांकाचं विमान वादळी ढगाखाली सापडलं. ढगातून हवेचा लोट खाली आदळला आणि जमिनीवर चहूकडे पसरला. याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. विमानाला आधी समोरून वारा लागतो, पुढच्या काही क्षणांत मागून, आणि उचल नाहीशी होते. १३७ माणसं गेली.

अशा अपघातांनंतर अमेरिकेने विमानतळांसाठी खास हवामान रडार उभी केली: टर्मिनल डॉप्लर वेदर रडार. १९९० च्या दशकात ती चाळीसहून जास्त ठिकाणी बसली. काम एकच, धावपट्टीजवळचा असा वारा वेळेत दाखवणं. आणि त्यांची जागा? ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ.

२००९ च्या सुरुवातीला पोर्तो रिकोतल्या सान हुआनच्या रडारवर विचित्र रेघा दिसायला लागल्या. रडारच्या चित्राच्या मध्यापासून बाहेर, सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. त्या दिशेला पाऊस आहे की नाही, तेच कळेना. सरकारी इंजिनिअरांनी जाऊन शोध घेतला. त्रास येत होता तो ५ गिगाहर्ट्झवर इंटरनेट पुरवणाऱ्या स्थानिक कंपन्यांच्या उपकरणांकडून. ती उंच जागी बसवलेली होती, म्हणजे रडारला अगदी समोरासमोर. काही ठिकाणी डीएफएस चालूच नव्हतं. काही उपकरणं नियमानुसार पारखलेली असूनही प्रत्यक्षात हे रडार ओळखत नव्हती.

एवढ्याशा वायफायने एवढं मोठं रडार आंधळं कसं होईल, असं वाटतं ना? रडारची पाठवण्याची ताकद प्रचंड असते हे खरं. पण त्याला ऐकायचा असतो पावसाच्या थेंबांवरून परतलेला, अतिशय क्षीण प्रतिध्वनी. नाट्यगृहात माइकवर बोलणाऱ्याला कुजबुजीचा त्रास होत नाही. सुई पडल्याचा आवाज ऐकायला थांबलेल्याला होतो.

अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे एफसीसीने, काही कंपन्यांना दंड लावला. २०१० मध्ये सूचना निघाली: अशा रडारपासून ३५ किलोमीटरच्या आत असाल किंवा रडार थेट दिसत असेल, तर त्याच्या फ्रिक्वेन्सीपासून किमान ३० मेगाहर्ट्झ लांब राहा.

एका सेटिंगची किंमत

डीएफएस बंद कसं होतं? बऱ्याचदा ‘देश’ नावाच्या एका सेटिंगमुळे. कोणत्या चॅनलवर किती ताकदीने बोलायचं, कुठे रडार ऐकायचं, हे राउटर देश बघून ठरवतो. नियम देशानुसार वेगळे, म्हणून सोय बरोबर आहे. पण देश बदलला की चॅनल जास्त मिळतात, मिनिटभर थांबावं लागत नाही, असं कळल्यावर लोक बदलतात. इंटरनेटवर ‘स्पीड वाढवायची ट्रिक’ म्हणून हे सर्रास सांगितलं जातं.

एफसीसीने २०१४ मध्ये नियम कडक केले: रेडिओचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कोणाला बदलता येऊ नये. २०१५ च्या मार्चमध्ये उत्पादकांसाठी जी मार्गदर्शिका आली, तिच्यात डीडी-डब्ल्यूआरटी या खुल्या फर्मवेअरचं नाव घेऊन विचारलं होतं, की ते तुमच्या उपकरणावर चढू नये म्हणून काय केलंय? झालं! ओपन सोर्सवाले खवळले. कंपनीने अपडेट देणं थांबवलं तर जुना राउटर सुरक्षित ठेवायला लोक हेच फर्मवेअर वापरतात. नोव्हेंबरमध्ये भाषा बदलली: खुल्या फर्मवेअरला बंदी नाही, रेडिओच्या मर्यादा तेवढ्या मोडता येऊ नयेत.

मी स्वतः खुलं फर्मवेअर वापरते आणि वापरत राहीन. पण इथे मला दोन्ही बाजू पटतात. माझ्या मशीनवर माझा हक्क आहे. लहरी मात्र माझ्या भिंतीपाशी थांबत नाहीत. गाडी माझी असली तरी सिग्नल माझा नसतो.

ऐकून नाही, विचारून

डीएफएसची सगळी कल्पना एका गोष्टीवर उभी आहे: रडार जिथून ऐकतं, तिथूनच बोलतंही. मला ते ऐकू आलं, म्हणजे माझा त्याला त्रास होऊ शकतो. पण नुसतं ऐकणारा कोणी असेल तर?

६ गिगाहर्ट्झवर नेमकं हेच झालं. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने तो पट्टा वायफायला खुला केला. तिथे टॉवर ते टॉवर जाणारे मायक्रोवेव्हचे अरुंद दुवे आहेत. बोलणारं टोक एका डोंगरावर, ऐकणारं दुसऱ्या. ऐकणाऱ्या टोकापाशी बसून तुम्ही कितीही कान दिलात तरी तो झोत कदाचित तुमच्या कानावर पडणारच नाही. म्हणून तिथे दुसरी पद्धत आली: ऑटोमेटेड फ्रिक्वेन्सी कोऑर्डिनेशन, म्हणजे एएफसी. जास्त ताकदीने बोलू इच्छिणारं उपकरण आधी आपली जागा एका सर्व्हरला कळवतं. सर्व्हर नोंदलेले दुवे तपासून सांगतो, या फ्रिक्वेन्सी घे, एवढी ताकद ठेव. दिवसातून एकदा तरी पुन्हा विचारावंच लागतं. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत अशा यंत्रणांना प्रत्यक्ष कामाची मंजुरी मिळाली.

यात कानांवरचा भार कमी झाला, नोंदवहीवरचा वाढला. नोंद जुनी असेल किंवा उपकरणाने जागा चुकीची सांगितली, तर सर्व्हर आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देईल.

मग आपण घरी काय करायचं?

पहिलं: राउटरच्या सेटिंगमध्ये देश ‘भारत’ आहे का बघा. परदेशातून आणलेल्या राउटरमध्ये हमखास वेगळा असतो.

दुसरं: ५ गिगाहर्ट्झ वारंवार तुटत असेल तर देशाला हात लावू नका. ‘ऑटो’ काढून चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतलं एक निवडा. तिथे रडार ऐकायची अट नाही, म्हणून उठून पळणंही नाही.

तिसरं: चॅनलची रुंदी १६० मेगाहर्ट्झ ठेवली असेल तर ८० करून बघा. ३६ पासून सुरू होणारा १६० चा पट्टा ६४ पर्यंत पसरतो, म्हणजे त्याचा अर्धा भाग डीएफएसमध्येच जातो. घरच्या वापरात ८० पुष्कळ.

चौथं: गच्चीवर किंवा दोन इमारतींमध्ये ५ गिगाहर्ट्झची लिंक बसवत असाल, तर वरच्या तीन गोष्टी दुप्पट काळजीने पाळा. घरातल्या राउटरला भिंती अडवतात, गच्चीवरच्या अँटेनाला कोणी अडवत नाही. मुंबईत कुलाब्याचं हवामान रडार एस बँडचं आहे, ते ५ गिगाहर्ट्झपासून बरंच लांब. पण २०२२ मध्ये वेरावलीला सुरू झालेलं रडार सी बँडचं आहे, आणि ५ गिगाहर्ट्झचं वायफायही सी बँडमध्येच येतं. जुलैच्या एखाद्या दुपारी “पुढच्या तीन तासांत मुसळधार” असा इशारा फोनवर येतो, त्यामागे अशी रडारं असतात.

आणि ते गायब मिनिट? राहू द्या ते. तेवढ्या वेळात चहाचं आधण ठेवून होतं.

पुढच्या भागात ब्लूटूथ. ते सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतं आणि तरी गाणं तुटत नाही, ते कसं? प्रश्न असतील तर पाठवा, आजच्यासारखा एखादा प्रश्न अख्खा भाग देऊन जातो. भेटूच!